पान कितवं?

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार.

मी घणसोलीत राहते, नोकरी ठाण्यात. वय ४३. कॉलेजात असताना एक दलित कथासंग्रह हाती पडला आणि तेव्हापासून जातीवर, बायकांच्या हालांवर, शेतातल्या-गिरणीतल्या पिळवणुकीवर लिहिलेल्या कथा-कादंबऱ्या हेच माझं वाचन. दिवाळीनंतर सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये वाचनकट्टा सुरू केला. पहिल्या महिन्यात १४ जण आले, दुसऱ्यात ९, तिसऱ्यात आम्ही चौघं, त्यात एक मी आणि एक माझी बहीण. पहिल्यांदा साडेतीनशे पानांची कादंबरी ठरवली होती, ती तिघांनीच पूर्ण केली. दुसऱ्या वेळी पुस्तक राहिलं बाजूला आणि आरक्षणावरून जुंपली. ते भांडण रात्री साडेअकरापर्यंत व्हॉट्सॲपवर चाललं, दोघं ग्रुप सोडून गेले.

जिव्हारी लागलं ते वेगळंच. आमच्या मजल्यावरच्या एक ताई कट्ट्याला यायच्या. त्यांना एका काकूंनी सहज विचारलं, "तुमच्यात अजून असं असतं का हो?" त्या हसल्या, चहा घेतला, आणि नंतर कधी आल्या नाहीत. लिफ्टमध्ये भेटल्या की मीच खाली बघते.

घरी हे म्हणतात, "दिवसभर राबून येतेस, वर हे रडगाणं कशाला? आणि लोकांना कशाला वाचायला लावतेस?" मला कट्टा पुन्हा सुरू करायचाय. कसा करू? आणि खरं सांगा, असलं वाचून काही होतं का?

एक वाचक, घणसोली

उत्तर

ताई,

आधी हिशोब मांडू, कारण तुमचा कट्टा पहिल्याच दिवशी हिशोबात फसला होता. डेमी आकाराच्या मराठी कादंबरीच्या पानावर साधारण २८० ते ३०० शब्द बसतात. सवयीचा वाचक तासाला पंचवीस-तीस पानं वाचतो. म्हणजे साडेतीनशे पानांना बारा ते चौदा तास. महिन्यावर पसरले तर रोज पंचवीस मिनिटं, एकही दिवस न चुकता. तुमचा घणसोली-ठाणे प्रवासच मुळी पंधरा-वीस मिनिटांचा, तोही सकाळच्या गाडीत एका हाताने कडी धरून. सवय असलेल्या तिघांनी पुस्तक संपवलं, बाकी अकरा जण अर्धवट वाचून किंवा न वाचताच आले. आता न वाचलेला माणूस बोलणार कशावर? पुस्तक त्याच्यापाशी नाही, मत मात्र आहे. पहिल्या महिन्यात तो संकोचून गप्प बसला, दुसऱ्या महिन्यात त्याने मत बाहेर काढलं. आरक्षणाचं भांडण आलं ते या वाटेने. लोक वाईट होते म्हणून आलं नाही.

तेव्हा पहिला बदल हा: घरून काही वाचून यायचं नाही. एक कथा, तिथेच बसून, मोठ्याने वाचायची. मोठ्याने वाचताना मिनिटाला ११५-१२० शब्द होतात, म्हणजे दहा पानांची कथा पंचवीस मिनिटांत होते. बारा पानं ही वरची मर्यादा धरा. अर्ध्या तासापुढे कान थकतात आणि हात मोबाइलकडे जातात. कथा मोठी असेल तर दोन महिन्यांत विभागा. तोडायची जागा आधी ठरवून ठेवा, ती प्रसंगाच्या ऐन मध्यात हवी. भाग संपला तिथे तोडली की ऐकणाऱ्याच्या मनातही संपते.

माणसं सहा ते आठ. चौदा जण आले म्हणून तुम्हाला आनंद झाला असेल, पण चाळीस मिनिटांच्या बोलण्यात चौदा जणांना प्रत्येकी तीन मिनिटंही येत नाहीत. मग बोलतात ते नेहमीचेच तिघं. आठ असले तर पाच-पाच मिनिटं मिळतात आणि न बोलणारी माणसंही एखादं वाक्य टाकतात. दुसरा शनिवार बरा. बँका बंद असतात, आणि ठाणे-ऐरोलीहून कुणी येणार असेल तर रविवारच्या मेगाब्लॉकची भानगड नाही. साडेपाच ते सात. पहिली दहा मिनिटं शब्दांची चिठ्ठी (ती खाली सांगतो), अर्धा तास वाचन, तीन मिनिटं कुणीही बोलायचं नाही, मग चाळीसेक मिनिटं बोलणं. चहा शेवटी. मध्ये चहा ठेवलात की कपाबरोबर पार्किंगचा विषय आलाच म्हणून समजा.

ती तीन मिनिटं सोडू नका. कथा संपताक्षणी जो पहिला बोलतो तोच बैठकीची दिशा ठरवतो, आणि पहिला बोलणारा बहुतेक वेळा सगळ्यात कमी ऐकणारा असतो. प्रत्येकाच्या हातात पेन्सिल आणि चिठोरं द्या. कथेतली लक्षात राहिलेली एक ओळ किंवा एक वस्तू लिहायची. मत लिहायचं नाही.

आता मुख्य नियम. कुणी काहीही म्हणालं की कट्टा चालवणाऱ्याने एकच प्रश्न विचारायचा: पान कितवं? "पण आता परिस्थिती खूप बदललीय." पान कितवं? "त्या बाईचंही चुकलंच ना." पान कितवं? पुस्तक त्या माणसाच्या हातात द्यायचं, त्याने जागा शोधायची आणि ती ओळ सगळ्यांना वाचून दाखवायची. जागा सापडली तर चर्चा तिथून पुढे. नाही सापडली तर हसत "चहाला बोलू." आवाज चढवायचा नाही, टोमणा मारायचा नाही. दोन बैठकांत लोक आपणच पुस्तकाकडे हात करायला लागतात.

हा नियम सगळ्यात जास्त मोडतो कट्टा चालवणारा, हेही ध्यानात असू द्या. आपल्या बाजूचं वाक्य आलं की आपण पान विचारायला विसरतो. "आपला समाजच असा आहे" यालाही पान विचारा. एक अडचण येते: एकाकडे जुनी आवृत्ती, दुसऱ्याकडे नवी, तिसऱ्याच्या फोनवर कुठून तरी आलेली पीडीएफ, आणि पानं कुणाचीच जुळत नाहीत. म्हणून खोलीत एकच प्रत ठेवा, फार तर दोन, एकाच आवृत्तीच्या. एक प्रत हातोहात फिरली की पाळीपाळीने बोलणंही आपसूक होतं. प्रतींचा खर्च वाचतो तो वेगळाच.

पहिली कथा कोणती? तुमची बहीण किंवा आणखी कुणी म्हणेल, आधी जरा जुनं, सगळ्यांना पटेल असं घ्या. ह. ना. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' म्हणजे १८९० च्या 'करमणूक'मध्ये क्रमशः येऊ लागलेली, विधवेच्या हालांची कादंबरी. थोर पुस्तक आहे, पण सुरुवातीला नको. त्यातल्या अन्यायावर खोलीतल्या सगळ्यांचं एकमत होतं, आणि सव्वाशे वर्षांपूर्वीच्या लोकांना नावं ठेवून सगळे समाधानाने घरी जातात.

बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' घ्या. याच नावाचा संग्रह १९६३ चा. रेल्वेत नोकरी लागलेला तरुण परक्या गावी जातो, डोक्यावर छप्पर मिळावं म्हणून जात सांगत नाही, पुढे ती उघड होते आणि मार बसतो. एका बैठकीत झाली नाही तर दोन करा. नवी मुंबईत ही कथा पहिली घेण्याचं कारण साधं आहे: तुमच्या खोलीतल्या प्रत्येकाने कधी ना कधी भाड्याने घर घेतलेलं किंवा दिलेलं आहे. एजंट फोनवर आडनाव विचारतो, मग "व्हेज ना?" विचारतो, मग म्हणतो "ओनरशी बोलून सांगतो." हे प्रश्न सगळ्यांना तोंडपाठ आहेत. तुम्ही मात्र ही तुलना स्वतःहून करू नका. ती दुसऱ्या कुणाच्या तोंडून येऊ द्या, आणि येते.

ही कथा जवळून कशी वाचायची ते थोडं सांगतो, कारण पुढच्या सगळ्या बैठकांचं ते माप आहे. कथा 'मी'ने सांगितली आहे. म्हणजे वाचणाऱ्याला गुपित ठाऊक आहे आणि कथेतल्या घरवाल्याला, शेजाऱ्याला नाही. लेखकाने इथेच आपल्याला पकडलं आहे. घरवाला आपुलकीने बोलतो तेव्हा आपल्याला बरं वाटत नाही, भीती वाटते. जातीबद्दल आपलं मत काय, हे कुणी विचारायच्या आधीच आपण त्या तरुणाबरोबर श्वास रोखून बसलेलो असतो. तेव्हा कट्ट्यावर "जातिभेद योग्य की अयोग्य" असलं विचारूच नका, त्याचं उत्तर शाळेच्या निबंधात मिळतं. विचारायचं ते हे: भीती पहिल्यांदा कुठे वाटली? पान कितवं? तो कुठे थेट खोटं बोलतो आणि कुठे नुसता गप्प राहतो? दोन्ही जागांखाली पेन्सिलीने रेघा मारा. आणि शीर्षकातल्या 'चोरली' या शब्दावर पाच मिनिटं ठेवा. चोरी कुणाच्या मालकीच्या वस्तूची होते?

दुसऱ्या कथेपासून आणखी दोन गोष्टी शोधायला सांगा. एक, रकमा. पैसे, मजुरी, शेर-पायली, व्याज, भाडं, जिथे आकडा येईल तिथे समासात फुली. अन्यायावरचं चांगलं लेखन हिशोबात पक्कं असतं आणि भाषण देणारं लेखन हिशोबात कच्चं, हे बहुतेक वेळा खरं ठरतं. नायिका "गरीब" आहे असं दहा वेळा सांगितलं आणि तिच्या घरात मीठ किती दिवसांचं उरलंय ते एकदाही आलं नाही, तर लेखकाला तिच्यापेक्षा आपल्या कळवळ्यात रस आहे. दुसरी गोष्ट, जुलूम करणाऱ्याला स्वतःचं बरोबर वाटतंय का? सासू, मुकादम, पाटील, सेक्रेटरी यांच्या बाजूने बघितलं तर त्यांच्या वागण्याला आतून काही तर्क दिसतो का? पाटील नुसताच मिशा पिळणारा असेल तर वाचक सुटतो. मिशा आपल्याला नाहीत, मग पाटील आपण नाही.

भाषेचं काय करायचं, हा पुढचा खड्डा. उद्धव शेळक्यांची 'धग' (१९६०) वऱ्हाडी संवादांत चालते, ऊर्मिला पवारांच्या कथांत कोकणची बोली येते. नवी मुंबईत वऱ्हाड, कोकण, सातारा, खानदेश सगळं एका मजल्यावर नांदतं, त्यामुळे बोली येणारं कुणीतरी सापडतंच. ती येत नसेल त्याने छापलंय तसं, सरळ, बेताच्या वेगाने वाचावं. हौशी नाटकवाले टाळा. ग्रामीण हेल काढून वाचलं की चार जण हसतात, आणि त्या भाषेत वाढलेला पाचवा माणूस ते हसू घरी घेऊन जातो. वाचणारे दोन असू देत, मध्यावर बदल. कथा त्यांना दोन दिवस आधी द्या. शिवी किंवा हिणवण्यासाठी वापरलेलं जातीचं नाव आलं तर गाळू नका, लेखकाने ते विचारपूर्वक ठेवलं आहे. मात्र ते वाचायला कुणाला जड जात असेल तर त्याला नाही म्हणायची सोय हवी, आणि चर्चेत तो शब्द पुन्हा पुन्हा चघळायचा नाही. लहान मुलं त्या दिवशी खाली खेळू देत.

शब्दांची चिठ्ठी म्हणजे कथेत येणारे, शहरात न कळणारे आठ-दहा शब्द. दहाच्या वर नको, परीक्षेचा वास येतो. अर्थही शब्दकोशातला नको, कामाचा हवा. 'गावकूस' म्हणजे गावाची हद्द-भिंत, आणि कोण तिच्या आत राहायचं, कोण बाहेर. 'बलुतं' म्हणजे गावकीच्या कामाबद्दल वर्षाला मिळणारा धान्याचा वाटा, रोख पगार नव्हे. 'येसकर' म्हणजे वेशीची राखण करण्याची ज्याची पाळी असेल तो. गावकीची ही वंशपरंपरेची कामं, म्हणजे वतनं, १९५८ च्या कायद्याने रद्द झाली, एवढी एक तारीख सांगितली तरी "फार जुनी गोष्ट" हे वाक्य थोडं लांबणीवर पडतं. खोलीतल्या कुणाच्या तरी आजोबांचं तरुणपण त्या आधीचं असतं.

"हे जरा वाढवून लिहिलंय" हा शेरा तिसऱ्या-चौथ्या बैठकीत हमखास येणार. त्यावर वाद घालू नका, कागद ठेवा. दर तीन कथांनंतर एकदा त्याच मातीतलं, न रचलेलं लेखन वाचा. ठाण्याच्या माणसांनी गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो'मधलं एखादं प्रकरण घ्यावं. १९४५ मध्ये उभ्या राहिलेल्या वारली आदिवासींच्या लढ्याची ती हकीकत आहे, पुस्तकाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. हा लढा जिथे झाला ते तलासरी आणि डहाणू १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यातच होते. तिथला 'लग्नगडी' हा शब्द चिठ्ठीवर लिहा: लग्नासाठी सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून पैसे घेतले आणि फेडीपायी नवरा-बायको दोघं त्याच्याच शेतावर राबत राहिली, तो लग्नगडी. हे ऐकल्यावर कथेतलं "वाढवून" वाटलेलं पुष्कळदा कमी करून लिहिलेलं वाटायला लागतं.

अन्याय म्हणजे फक्त जात, असाही कट्ट्याचा साचा होऊ देऊ नका. हमीद दलवाईंची 'इंधन' (१९६५) कोकणातल्या गावात हिंदू-मुसलमानांत वितुष्ट कसं पेटतं ते दाखवते, आणि बघणारा शहाणा माणूस काय करतो नि काय करत नाही तेही. लालबाग-परळहून कळव्या-ठाण्याकडे आलेली घरं तुमच्या ओळखीत असतील. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतरच्या त्या माणसांसाठी जयंत पवारांचा 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' हा कथासंग्रह आहे. कथा लांब आहेत, दोन बैठका धराच. पाच-सहा महिन्यांनी गट मुरला की कादंबरीला हात घाला, तीही हप्त्याने. विभावरी शिरूरकरांची 'बळी' (१९५०) सोलापूरच्या तारेच्या कुंपणातली, गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीची. लेखिकेने त्या वसाहतीत काम केलेलं होतं. जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा तो कायदा मुळात १८७१ चा आणि देशभरातून गेला १९५२ मध्ये, म्हणजे कादंबरी आली तेव्हा कुंपणाची गोष्ट शिळी नव्हती. अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' (१९५९) वेगवान आहे, लोकांना आवडते. पण तिथे नायकाच्या पराक्रमात रमून धान्य का लुटावं लागलं ते मागे पडतं. फुल्या मारायचं काम त्या दिवशी जरा कडक ठेवा.

पुस्तकं मिळवण्याची तुम्हाला सोय चांगली. नोकरी ठाण्यात, आणि १८९३ पासून चालू असलेलं मराठी ग्रंथ संग्रहालय तिथेच. काउंटरवर "सामाजिक काही आहे का" असं विचारू नका, लेखकाचं नाव सांगा. एकच लेखक कथा, कादंबरी आणि दलित साहित्य अशा तीन कपाटांत विखुरलेला असू शकतो. जुनी प्रत घेताना हवी ती कथा उघडून तिचं शेवटचं पान शाबूत आहे का पाहा. पुन्हा बांधलेल्या पुस्तकांत आतल्या समासाकडची अक्षरं शिवणीत गेलेली असतात आणि मोठ्याने वाचणारा तिथे अडखळतो. ऐरोलीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकातही ग्रंथालय आहे. आणि ६ डिसेंबरच्या सुमाराला दादरला शिवाजी पार्कात पुस्तकांचे जे स्टॉल लागतात, तिथे दुकानांत न दिसणाऱ्या छोट्या प्रकाशकांची पुस्तकं मिळतात. सकाळी लवकर जा आणि सुटे पैसे ठेवा. फिरत्या पीडीएफ टाळा. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो. आपटे १९१९ मध्ये गेले, त्यांचं लेखन खुलं आहे. अण्णा भाऊ १९६९ मध्ये गेले, त्यांचं २०२९ अखेरपर्यंत नाही. ज्यांच्या श्रमाच्या चोरीवर आपण गहिवरतो, त्यांचीच पुस्तकं चोरून वाचणं बरं दिसत नाही.

व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त तारीख, वेळ, जागा. सेटिंगमध्ये जाऊन फक्त ॲडमिनला लिहिता येईल असं करून टाका. रात्री साडेदहानंतर अंथरुणात पडून लिहिलेल्या वाक्याला चेहरा नसतो, आणि समोरच्याच्या घरातलं कुणीतरी ते मोठ्याने वाचून दाखवतं. क्लबहाऊससाठी अर्ज करताना 'सामाजिक अन्यायावर चर्चा' लिहू नका, 'मराठी कथावाचन' लिहा. लपवाछपवी नाही ही, कार्यक्रम तोच आहे. कमिटीने तरी खुसपट काढलं तर कुणाच्या हॉलमध्ये सतरंजी घाला. बागेत मात्र नको, आवाज विरतो.

यजमानांचं "रडगाणं" फार मनाला लावून घेऊ नका, पण त्यात एक खरी गोष्ट आहे. अशी दोन पुस्तकं लागोपाठ वाचली की दुसऱ्याचं दुःख पहिल्यात मिसळतं आणि दोन्ही माणसं धूसर होतात. मध्ये आठवडाभर दुसरं काहीतरी वाचा, अगदी प्रवासवर्णन किंवा रहस्यकथाही चालेल. रात्री झोपायच्या आधी वाचायचं असेल तर प्रकरणाच्या शेवटाला थांबू नका. तिथे लेखकाने मुद्दाम घाव ठेवलेला असतो. दोन पानं अलीकडे थांबा. आणि एखादा परिच्छेद त्यांना वाचून दाखवा. समजावून सांगण्यापेक्षा ते सोपं पडतं.

वाचून काही होतं का? होतं, पण ठरवलेलं होतंच असं नाही. अप्टन सिंक्लेर या अमेरिकन लेखकाने शिकागोच्या कत्तलखान्यांतल्या मजुरांच्या हालांवर 'द जंगल' लिहिली, पुस्तकरूपात ती १९०६ मध्ये आली. लोक खवळले, त्याच वर्षी कायदेही झाले, पण ते मांसाच्या आणि अन्न-औषधांच्या शुद्धतेचे. मजूर होता तिथेच राहिला. वाचणाऱ्याने आपल्या ताटात काय येतंय तेवढंच बघितलं. सिंक्लेरला याची खंत होती. म्हणून पान विचारायचं. नजर ताटावरून मजुरावर आणायला दुसरं साधन कट्ट्यापाशी नाही. एवढं मात्र मागू नका, की चार कथा ऐकून काकू बदलतील. काकू पुढच्या वेळी भाडेकरूला आडनाव विचारताना अर्धा क्षण अडखळल्या तर ते पुष्कळ झालं, आणि ते तुम्हाला कळणारही नाही.

आता त्या ताईंबद्दल, जे तुम्ही मधे लिहिलंत पण मला वाटतं त्यासाठीच पत्र लिहिलंत.

काकूंचा प्रश्न कुतूहलाचा असेल. पण त्या एका प्रश्नाने ताई वाचक होत्या त्या साक्षीदार झाल्या. बाकीचे सगळे पुस्तकाबद्दल बोलायला आले होते, ताईंना मात्र स्वतःबद्दल बोलायला सांगितलं गेलं. त्याहून वाईट म्हणजे नंतर खोलीत कुणीच काही म्हणालं नाही, तुम्हीही नाही. त्या हसल्या, कारण त्या क्षणी सगळ्यांना सांभाळून घेण्याचं कामही त्यांच्यावरच पडलं.

माफी मागा. लिफ्टमध्ये नको, तिथे पळायला जागा नसते. ग्रुपवर तर नकोच. दारावरची बेल वाजवा, आत बोलावलं तरच आत जा. वाक्यं तीनच: "त्या दिवशी तुम्हाला तसं विचारलं गेलं ते चुकीचं होतं. मी तिथे होते आणि बोलले नाही. त्याबद्दल माफ करा." काकूंच्या वतीने खुलासा नको, "त्यांच्या मनात तसं नव्हतं" हे नको, आणि तुम्ही किती वर्षं हे साहित्य वाचताय तेही नको. कट्ट्याचं निमंत्रण त्याच भेटीत देऊ नका, नाहीतर माफी हा त्याचाच भाग वाटेल. त्या "अहो, काही नाही" म्हणतील. तेवढ्यावर निरोप घ्या. काकूंशी वेगळं, एकट्यात बोला, आणि नव्या कट्ट्याच्या पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांसाठी सांगा: इथे कुणी कुणाला स्वतःच्या आयुष्याबद्दल विचारणार नाही. कुणाला स्वतःहून सांगावंसं वाटलं तर ऐकू. "तुमच्यात" हा शब्द या खोलीत नाही.

कट्ट्याची तारीख लागली की नोटीस बोर्डावरचा कागद त्यांनाही दिसेलच. त्या आल्या तर इतरांसारखी पेन्सिल आणि चिठोरं द्या, जास्तीची आस्था दाखवू नका, आणि बागुलांची कथा वाचायला त्यांनाच सांगू नका. नाही आल्या तर विचारू नका. लिफ्टमध्ये भेटल्या तर वर बघा आणि पाणी आज किती वाजता येणार ते विचारा.